धुराड्यातल्या वायूचे इंधन



पारसच्या वीजकेंद्राचे धुराडे आपणांपैकी पुष्कळांनी आगगाडीतून पाहिले असेल. तेथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. इकडे नांदगावपेठेला २७० मेगावॅटचे पाच. कोळशाच्या विजेच्या दर युनिटामागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू पकडून त्याचे पुन्हा इंधन करता येईल काय?

येईल. पॉल साबात्ये आणि सांदरां ह्या फ्रेंच रसायनज्ञांनी १९०२ सालीच ते करून दाखविले. तापलेल्या निकेलवरून हा वायू व हायड्रोजन त्यांनी एकत्र नेला, आणि मिथेन व पाणी हाती आले. मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसमधला जळणारा भाग. निकेलऐवजी लोखंडाचा उत्प्रेरक वापरला, तर कार्बनाच्या लांब साखळ्या जुळून पेट्रोलासारखे द्रवही मिळतात.

उत्प्रेरक हा सोयरीक जुळविणारा मध्यस्थ होय. तो दोन्ही घरे एकत्र आणतो. स्वतः कोणत्याच घरी नांदायला जात नाही. पण लग्नाचा खर्चही तो देत नाही, आणि आपली सारी अडचण तेथेच आहे. कार्बन डायऑक्साइड ही जळून गेलेल्या कार्बनाची राखच. राख पुन्हा पेटवायची, तर जळताना निघून गेलेली शक्ती कोणीतरी परत भरली पाहिजे. ती भरतो हायड्रोजन.

थोडा हिशेब मांडू. ४४ किलो वायूला ८ किलो हायड्रोजन लागतो व १६ किलो मिथेन मिळतो. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला सुमारे ५० युनिटे वीज, म्हणजे एकूण ४००. त्या मिथेनाची उष्णता भरते सव्वादोनशे युनिटांच्या आसपास. आणि मूळचा ४४ किलो वायू निघाला होता तो जेमतेम ४४ युनिटे वीज करताना! ही ४०० युनिटे कोळशाचीच असतील, तर ह्या धंद्याला काय म्हणावे ते आपणच ठरवा. उन्हाची असतील, तर ती सरळ तारेत सोडून कोळसाच कमी जाळणे शहाणपणाचे.

मग हे सारे व्यर्थ काय? तसे नाही. दूरच्या पल्ल्याचे विमान बॅटरीवर उडविणे कठीण. त्याला द्रव इंधनच हवे. आइसलंडमध्ये २०१२ साली ह्या वायूपासून मिथेनॉल करणारा कारखाना निघाला, पण तेथे भूगर्भातील उष्णतेची वीज हाताशी होती. मुंबईच्या आय.आय.टी.तही ह्या विषयाचे राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये स्थापन झाले आहे.

वऱ्हाडापुरते विचाराल, तर मी धुराड्याआधी गोबरगॅसच्या टाकीकडे पाहीन. धुरात हा वायू जेमतेम सातवा-आठवा हिस्सा. गोबरगॅसमध्ये तो शेकडा ३५ ते ४०, आणि बाकीचा बहुतेक मिथेनच. त्यातला गंधकाचा अंश मात्र आधी काढावा लागेल, कारण निकेलला तो विषासारखा. शिवाय ८ किलो हायड्रोजनला ७२ लिटर पाणी लागते, त्यातले निम्मेच परत मिळते. आणि आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले पाणी तर गोडे केल्याशिवाय त्या यंत्रात घालताच येणार नाही.