धाकानं की मायेनं?



आपल्या बीड जिल्ह्यात ख्रिस्ती घरं थोडीच. रविवारी चर्चला जाणाऱ्या शेजारणीची आपण खुशाली विचारतो. पण तिच्या धर्मात माणूस पापापासून लांब कशामुळं राहतो, हे आपण सहसा विचारत नाही. आज त्यावरच बोलू या.

देवाच्या न्यायाचा धाक त्यांच्यातही आहे. पण मूळ शिकवण वेगळी आहे. चांगलं वागलं म्हणून मजुरीसारखी क्षमा मिळत नाही, ती देव आधीच देतो. मुकादमाची उचल अंग मोडून फेडावी लागते, ही क्षमा फेडायची नसते. येशूनं आपल्यासाठी जीव दिला, तर त्या मायेला शोभेल असं आपण वागावं, असं ते मानतात. सगळेच तसं वागतात असं नाही. ते तर कुठल्याच धर्मात नसतं.

पंडिता रमाबाईंनाही हा प्रश्न पडला होता. संस्कृत शिकलेली ही बाई. आई-वडील दुष्काळात गेले, लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, पदरात लहान मुलगी. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधलं एक घर दाखवलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं आसरा होता. त्यांच्यातल्या काही तर आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी विचारलं, “या बायकांसाठी तुम्ही हे का करता?” सिस्टरनं उत्तरादाखल बायबलातली गोष्ट वाचून दाखवली. एक शोमरोनी बाई विहिरीवर आली होती. तिचे पाच नवरे झालेले, जातही यहुदी लोक टाळत अशी. येशूनं तिच्याकडंच पाणी मागितलं आणि तिच्याशी मानानं बोलला. त्याच साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि दौंडजवळ केडगावला त्यांना सांभाळलं. तिथं मुक्ती मिशन उभं राहिलं, ते आजही आहे. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी त्यांनी वेगळं कृपासदन काढलं. लंडनला जे पाहिलं, ते इथल्या मातीत लावलं.

यात आपल्या सगळ्यांच्या कामाचं काय आहे? धाकानं वागणारं माणूस कुणाची पाठ फिरली की बदलतं. ज्याला कुणी मायेनं जवळ केलं, ते कुणी बघत नसलं तरी जपून वागतं.

आपल्या गावातही नवऱ्यानं टाकलेली, पळून जाऊन परत आलेली एखादी पोर असते. हळदीकुंकवाला तिला बोलावणं जात नाही आणि गटात तिचं नाव कुणी घेत नाही. ‘आधी नीट वाग, मग ये’ असं आपण म्हणतो. रमाबाईंनी आधी दार उघडलं.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढंच ठरवा: आपल्या गावात असं कोण आहे, आणि तिला बोलवायला कोण जाणार?