सत्य, अहिंसा आणि परिचारिकेचे धर्मसंकट



आपल्या लोअर परळच्या शेजारीच, परळला, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तेथे येतात. उपचारांची चर्चा सर्वत्र होते. परिचारिकेपुढील धर्मसंकट मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

नातेवाईक विनवितात, "त्यांना आजाराचे नाव कळू देऊ नका." रात्री वॉर्ड शांत झाल्यावर तोच रुग्ण विचारतो, "सिस्टर, मला नक्की काय झाले आहे?" निदान सांगणे हे डॉक्टरांचे काम, परंतु खोटे बोलणे हे कोणाचेच काम नव्हे. अशा वेळी जाणती परिचारिका जवळ बसते, रुग्णास काय जाणून घ्यावयाचे आहे ते विचारते आणि त्याची इच्छा डॉक्टरांच्या कानी घालते.

दुसरा पेच वेदनेचा. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन मिळणे अवघड झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सुकर केली. तरीही व्यसनाच्या भीतीने घरचेच ते नाकारतात. वस्तुतः डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिल्यास हा धोका अल्प असतो. स्वेच्छेने वेदना सोसणे हे तप होय. दुसऱ्यास ती सोसावयास लावणे ही हिंसाच.

सत्य आणि अहिंसा ही दोन्ही अणुव्रते रुग्णाच्या इच्छेचा मान राखूनच एकत्र पाळता येतात. आपल्या असत्याचे ओझे कुटुंबीयांनी परिचारिकेच्या खांद्यावर ठेवू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र!