प्लास्टिकबंदी : कायद्याकडून व्यवस्थेकडे

(ग्रामपंचायत सदस्य, शासकीय अधिकारी व शिक्षक यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



एकदा वापरून फेकून द्यावयाच्या प्लास्टिकचा प्रश्न हा शहरांचा प्रश्न होय, अशी एक समजूत अद्यापि आढळते. तिला कारणही आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पावसाचे ते प्रमाण असाधारण होते, हे खरे. परंतु गटारांत अडकलेल्या पिशव्यांनी पाण्याचा निचरा रोखला, हेही त्या वेळी सर्वांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई करणारे नियम केले.

आज त्याच पिशव्या गावच्या ओढ्यात, उकिरड्यावर व शेताच्या बांधावर दिसतात. उकिरड्यातील खत शेतात गेले की पिशवीही शेतात जाते. शिळ्या अन्नासह फेकलेली पिशवी गाय गिळते. ती पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. पोटाच्या पहिल्या कप्प्यात गोळा साचत जातो आणि पोट भरलेले असूनही जनावर उपासमारीने खंगते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सरळ संसाराचा प्रश्न आहे. कचरा पेटवून दिला म्हणजे सुटलो, असेही नाही. धुमसत्या प्लास्टिकचा विषारी धूर प्रथम शेजारच्या घरातील मुलांच्याच छातीत जातो.

कायदा काय सांगतो?

केंद्र शासनाच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामीण भागही आपल्या कक्षेत घेतला आणि ग्रामपंचायतीवर कचरा व्यवस्थापनाची जबाबदारी टाकली. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोल उत्पादनांसंबंधीची अधिसूचना काढली. तीत पहिल्या अपराधास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास, अशी तरतूद होती. १ जुलै २०२२ पासून ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, प्लास्टिकच्या काड्यांचे कानकोरणे, सजावटीचा थर्माकोल इत्यादी वस्तूंवर देशभर बंदी आली.

कायदा आहे, तरीही लग्नाच्या मांडवामागे पेल्यांचा ढीग पडतोच. असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर लोकांच्या बेफिकिरीत जितके आहे, त्याहून अधिक मोडलेल्या व्यवस्थेत आहे. पूर्वी गावात कार्य निघाले की पंचायतीची अथवा देवस्थानाची भांडी येत. ती मोजून दिली जात आणि मोजून परत घेतली जात. जेवणावळीस पळसाच्या पत्रावळी व द्रोण असत. त्यांचे पुढे खतच होई. दूध किटलीतून, तेल बरणीतून येई. प्रत्येक वस्तूस परतीची वाट होती. फेकून देण्याच्या वस्तूने ती वाट बंद केली. बंदीने वस्तू दूर करता येते. परतीची वाट मात्र गावालाच पुन्हा बांधावी लागते.

पर्याय निवडताना

येथे एक सावधगिरी सांगतो. चहाच्या कागदी पेल्यास आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे नावात कागद आला म्हणून तो निर्धोक ठरत नाही. कापडी पिशवीचेही तसेच. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने सुती पिशवी प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या बरोबरीस येण्यासाठी ती १३१ वेळा वापरावी लागते. समारंभात नव्या पिशव्या वाटल्या आणि त्या कपाटात पडून राहिल्या, तर हित काहीच साधत नाही. जुन्या लुगड्याची पिशवी शिवून ती रोज बाजाराला नेणे, हा त्याहून उत्तम मार्ग होय.

काय करता येईल?

पहिली गोष्ट भांड्यांची. पाचशे पानांच्या पंगतीस पुरतील एवढी स्टीलची ताटे, वाट्या व पेले ग्रामपंचायतीने घ्यावेत. ते महिला बचत गटाकडे सोपवावेत, नोंदवही ठेवावी, अनामत घ्यावी व धुण्याचे भाडे ठरवावे. गटास उत्पन्न मिळेल आणि भांडीही टिकतील. जेथे पळस आहे, तेथे पत्रावळीचा धंदा पुन्हा उभा राहू शकेल.

दुसरी गोष्ट आठवडे बाजाराची. बाजार-वसुलीचा ठेका देतानाच पातळ पिशव्या न वापरण्याची अट घालावी आणि बाजाराच्या तोंडाशी कापडी पिशवी अनामतीवर मिळण्याची सोय करावी. पिशवी आणावयास विसरलेल्या गिऱ्हाइकासाठी पर्याय त्याच जागी हवा. उपदेश त्या वेळी उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट शाळेची. विद्यार्थ्यांनी एक आठवडाभर घरात आलेल्या प्लास्टिकची नोंद करावी आणि टाळता येणारे व न टाळता येणारे असे दोन भाग पाडावेत. दुसऱ्या भागात बिस्किटांची वेष्टने, दुधाच्या पिशव्या व औषधांची पाकिटे येतील. ती स्वच्छ व कोरडी वेगळी ठेवावीत. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रांची तरतूद आहे. तेथवर हा माल पोहोचविण्याचा वार पंचायतीने ठरवून द्यावा.

आणि शेवटची गोष्ट आपणा सर्वांची. सभा-समारंभात मंचावर पाण्याच्या लहान बाटल्यांची रांग मांडून आपण लोकांना प्लास्टिक सोडा म्हणून सांगू लागलो, तर आपले कोणी ऐकणार नाही. त्या जागी तांब्या-भांडे येऊ द्या.

ज्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालते, त्या गाडगेबाबांना ते नाव सदैव जवळ बाळगलेल्या मातीच्या गाडग्यावरून मिळाले. त्यांनी आधी स्वतः खराटा हाती घेतला आणि मग कीर्तनातून लोकांना सांगितले. येत्या ग्रामसभेत आपण भांड्यांचा ठराव मांडावा आणि त्या सभेचा चहा स्टीलच्या पेल्यांतून द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.