उजव्या आसनावरचा अधिकार



मुंबई ते गोवा हे विमानाचे अंतर जेमतेम सव्वाचारशे किलोमीटरचे असून त्यात विमान हवेत असते ते तासाभराच्या आसपास. परंतु अंतर थोडे म्हणून काम सोपे, हा समज पावसाळ्यात टिकत नाही, कारण दूरच्या उड्डाणात हवामानाचे अहवाल पुन्हा मागवण्यास आणि इंधनाचा हिशेब नव्याने मांडण्यास जे तास मिळतात, त्यांच्या जागी येथे मिनिटे असतात. म्हणून अशा उड्डाणातील सर्वांत कठीण निर्णय विमान जमिनीवर असतानाच घेतलेला असावा लागतो. उतरता आले नाही तर कोणत्या पर्यायी विमानतळाकडे वळायचे आणि कोणत्या क्षणानंतर घिरट्या घालत थांबायचे नाही, हे आधीच ठरलेले असते. तेथवरच्या इंधनाखेरीज अर्ध्या तासाचे अखेरचे राखीव इंधनही टाकीत असते आणि त्याला हात लागू नये अशी योजना असते.

वैमानिकाला सर्वाधिक भय असते ते मे-जूनमधील वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटी ढगांचे, ज्यांच्या पोटात वर चढणारे आणि खाली कोसळणारे वायुप्रवाह शेजारी शेजारी असतात. विमानाच्या नाकात बसवलेले रडार असे ढग दाखवते, पण ते ढग पाहत नाही, त्यातील पाणी पाहते. मुसळधार पाऊस रडारच्या लहरी गिळून टाकतो, त्यामुळे पडद्यावरील लाल पट्ट्यामागे काळी, म्हणजे मोकळी, दिसणारी जागा प्रत्यक्षात त्याहून भीषण असू शकते. जे दिसत नाही ते नाहीच असे मानू नये, हे शिक्षण येथे जिवावर बेतण्याआधी घ्यावे लागते.

हाती असणारी मिनिटे किती थोडी, ते एका अंतरावरून कळेल. ठाण्याजवळील कळवा आणि मुंबई विमानतळ यांच्यामध्ये सरळ रेषेत वीस किलोमीटरहूनही कमी अंतर आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा समोरून मिळावा म्हणून पावसाळ्यात विमाने बहुधा पूर्वेकडून, ठाण्याची खाडी आणि घाटकोपर ओलांडून उतरतात, आणि कळव्यालगतच्या पारसिकच्या डोंगरापासून धावपट्टीपर्यंत जेवढे अंतर आहे तेवढे कापायला उतरत्या विमानाला चार-साडेचार मिनिटे पुरतात. ढगांतून उतरताना एक हजार फूट उंचीवर, म्हणजे जमीन सव्वा-दीड मिनिटावर असताना, वेग, उतार आणि दिशा ठरलेल्या मर्यादेत असलीच पाहिजेत. नसतील तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे, ज्याला गो-अराउंड म्हणतात. या टप्प्यावर ढगातून कोसळलेला वारा जमिनीवर आपटून चहूकडे पसरला, तर विमानाला आधी समोरून वारा मिळून ते उचलले जाते आणि काही सेकंदांतच वारा पाठीमागून येऊन पंखांखालचा आधार काढून घेतला जातो. 1985 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे डेल्टा कंपनीचे विमान असेच पडले.

महाराष्ट्राच्या मनाला अधिक जवळची घटना 7 ऑगस्ट 2020 ची आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले, वायुसेनेत मानाची तलवार मिळवलेले कॅप्टन दीपक साठे दुबईहून येणारे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान कोळिकोड येथे पावसात उतरवीत होते. उड्डाण लांबचे होते, तरी त्याची अखेरची मिनिटे कोणत्याही अल्प पल्ल्याच्या उड्डाणाइतकीच आखूड होती. पहिल्या प्रयत्नात त्यांच्या समोरच्या काचेवरचा वायपर बंद पडला आणि उतरणे सोडावे लागले. दुसऱ्या वेळी विरुद्ध बाजूने, वारा पाठीवर घेऊन येताना विमान सुमारे 2,700 मीटर धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले, पठाराच्या कडेवरून खाली गेले, आणि 190 जणांपैकी दोन्ही वैमानिकांसह 21 जण मृत्युमुखी पडले. इतक्या सिद्ध हातांकडून हे घडावे, ही वेदना अहवालाच्या कोरड्या भाषेने कमी होत नाही. तरीही तो अहवाल वाचलाच पाहिजे, कारण सहवैमानिकाने टेकण्यापूर्वी गो-अराउंड सुचवले होते, ते अमलात आले नाही आणि त्यानेही नियंत्रण हाती घेतले नाही, असे त्यात नोंदले आहे.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी वैमानिक फार थोडे होतील. परंतु रुग्णालयात, न्यायालयात, कारखान्यात वा शासकीय कचेरीत, अनुभवी व्यक्तीच्या शेजारचे, सहवैमानिक बसतो तसे उजवे आसन प्रथम जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येईल, आणि तेथे वयाचा आदर व कर्तव्य यांत अंतर पडण्याचा प्रसंगही येईल. विमानचालनाने हा प्रश्न स्वभावावर सोपवलेला नाही. गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकाला शिक्षा होऊ नये, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे धोरण आहे. दोघांपैकी कोणीही तो शब्द उच्चारला की उतरणे सोडायचे, हा संकेत आहे. आणि दोनदा स्पष्टपणे सांगूनही डाव्या आसनावरील कॅप्टनकडून प्रतिसाद आला नाही, तर कनिष्ठाने नियंत्रण आपल्या हाती घ्यावे, याचा सराव सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या कृत्रिम कॉकपिटमध्ये, ज्येष्ठांना शेजारी बसवूनच करून घेतला जातो.