राज्यघटनेची मूलभूत चौकट आणि आपण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा फार तर कादंबरीवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. कार्यवाहांनी मला विषय दिला तो राज्यघटनेच्या मूलतत्त्वांचा. मी कायद्याचा पदवीधर नाही. परंतु शब्दांचा अर्थ लावणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, आणि घटनेसंबंधीचे मोठमोठे खटले पुष्कळदा एकेका शब्दाच्या अर्थावरच उभे राहिले आहेत. शिवाय आपल्या सीमाभागातील एका मराठी ग्रंथालयाने शंभर वर्षे पुरी केली, या घटनेशी या विषयाचे नाते आहे. ते कसे, हे ओघात स्पष्ट होईल.

आताच मी ‘घटना’ हा शब्द दोन निराळ्या अर्थांनी वापरला. ‘संविधान’ हा शब्द अधिकृत. मराठी अनुवादाचे नावही ‘भारताचे संविधान’ असेच आहे. तरी बोलताना आपण ‘घटना’च म्हणतो. एखादी गोष्ट घडते ती घटना, आणि एखादी वस्तू जशी घडवलेली असते ती तिची घडण, तीही घटना. १९५० सालापासून आपल्या देशात जो मोठा वाद चालला, तो या दुसऱ्या अर्थाविषयीचा आहे. घडण किती बदलली तरी वस्तू तीच राहते?

घटनेच्या ३६८व्या अनुच्छेदात संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार दिलेला आहे. आता ‘दुरुस्ती’ हा शब्द पाहा. घराची दुरुस्ती काढली म्हणजे आपण कौले बदलतो, भिंतीला नवा गिलावा करतो, एखादी खोली वाढवतो. जोत्यापासून घर पाडून तेथे दुसरेच बांधले, तर त्याला दुरुस्ती म्हणायला गवंडीदेखील तयार होणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी १९७३ साली जे प्रतिपादन केले, त्याचे सार थोडक्यात हेच होते: दुरुस्ती म्हटली की मूळ घटना शिल्लक राहणे गृहीतच असते.

पण तेथवर पोहोचायला तेवीस वर्षे लागली. १९५१ साली शंकरीप्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेचा अधिकार मूलभूत हक्कांनाही लागू आहे असे ठरवले. १९६४ साली सज्जनसिंग खटल्यात तोच प्रश्न पुन्हा आला. पाच न्यायमूर्तींचे पीठ. सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर अध्यक्षस्थानी. बहुमताने जुनेच मत कायम केले. त्याच पीठावर न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर होते. निकालाशी ते सहमत झाले, पण स्वतंत्र निकालपत्रात त्यांनी एक शंका लिहून ठेवली. घटनेची काही मूलभूत लक्षणे असतील, तर ती बदलणे ही दुरुस्ती होईल की घटनेच्या एका भागाचे पुनर्लेखन होईल? ‘मूलभूत लक्षण’ ही कल्पना भारतीय न्यायालयाच्या निकालपत्रात ठळकपणे उमटली ती येथे. गजेंद्रगड आणि मुधोळ ही दोन्ही गावे कर्नाटकातली. ती आडनावात वागवणारे दोन मराठी न्यायाधीश या प्रश्नाच्या दोन टोकांना उभे होते. आपल्या भागातील माणसांना या योगायोगाचे थोडे कौतुक वाटले तर त्यात वावगे नाही.

त्यानंतर लवकरच, फेब्रुवारी १९६५ मध्ये, डिट्रिख कॉनराड नावाच्या जर्मन प्राध्यापकाने बनारस हिंदू विश्वविद्यालयात एक व्याख्यान दिले. त्याने श्रोत्यांपुढे काही साधे प्रश्न टाकले. दोन तृतीयांश बहुमत आहे म्हणून संसद देशाचे दोन तुकडे करू शकेल का? जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या संरक्षणाचा एकविसावा अनुच्छेद काढून टाकू शकेल का? घटनादुरुस्तीचा अधिकारच राष्ट्रपतींच्या हाती सोपवू शकेल का? हे प्रश्न जर्मन माणसाला सुचावेत याला कारण होते. मार्च १९३३ मध्ये हिटलरला अमर्याद अधिकार देणारा कायदा वायमार घटनेतील दुरुस्तीच्या मार्गानेच, दोन तृतीयांश बहुमताने संमत झाला होता. सभागृहाबाहेर दडपशाही होती, कम्युनिस्ट प्रतिनिधींना येऊच दिले नव्हते. कागदोपत्री मात्र सारे नियमानुसार. म्हणून १९४९ च्या नव्या जर्मन घटनेत ७९व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या पोटकलमाने काही तत्त्वे दुरुस्तीच्या पलीकडे ठेवली गेली. आपल्या घटनेत तसे कलम नाही. म्हणून जे जर्मनांनी लिहून ठेवले, ते आपल्याकडे न्यायाधीशांना शब्दाच्या अर्थातून काढावे लागले.

१९६७ साली गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध पाच अशा मतांनी ठरवले की मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येणार नाही. १९७१ साली संसदेने चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो निकाल निष्प्रभ केला. या खेचाखेचीचा निवाडा ज्या खटल्यात झाला, त्याच्याकडे आपण जरा सावकाश पाहू.

केरळच्या उत्तर टोकाला कासरगोड आहे. तेथील एडनीर मठाचे अधिपती स्वामी केशवानंद भारती यांनी मार्च १९७० मध्ये केरळच्या जमीनसुधारणा कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. कासरगोड १९५६ पर्यंत मद्रास राज्याच्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेत ते केरळात गेले आणि तेथील कन्नड व तुळू बोलणारे लोक एका दिवसात मल्याळी राज्यातले अल्पसंख्य झाले. आपल्या सीमाप्रश्नात ज्या महाजन आयोगाचे नाव निघते, त्याच आयोगापुढे कासरगोडचाही प्रश्न होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. घटनेचा सर्वांत गाजलेला खटला अशा एका सीमाभागातून यावा, याला मी कार्यकारणभाव चिकटवणार नाही. खटला जमिनीचा होता, भाषेचा नव्हता. पण नकाशाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचे प्रश्न राजधानीत कधी कधी सबंध देशाचे प्रश्न होतात, एवढे त्यावरून दिसते.

तेरा न्यायमूर्तींचे पीठ बसले. एवढे मोठे पीठ त्यापूर्वी बसले नव्हते आणि याहून मोठे नंतरही बसलेले नाही. ३१ ऑक्टोबर १९७२ पासून २३ मार्च १९७३ पर्यंत ६८ दिवस युक्तिवाद चालले. अर्जदारांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळच्या बाजूने होरमसजी सीरवाई, दोघेही मुंबईचे. निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला: अकरा निकालपत्रे, आणि सात विरुद्ध सहा अशी मते. संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही. मात्र घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. गोलकनाथचा निकाल रद्द झाला, म्हणून शासन जिंकले. चौकटीची मर्यादा आली, म्हणून हरले. स्वामींचे काय? केरळचा कायदा टिकला. ज्याच्या नावाने हा सिद्धांत ओळखला जातो, त्याच्या पदरात त्या दिवशी काहीही पडले नाही. स्वामी सप्टेंबर २०२० मध्ये निवर्तले.

त्या पीठावरील दोन मराठी न्यायमूर्ती, दे. ग. पाळेकर आणि यशवंत विष्णू चंद्रचूड, अल्पमतात होते. चौकटीचा सिद्धांत त्यांना त्या वेळी पटला नाही. पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १९७५ साली पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. नोव्हेंबरमध्ये, आणीबाणी चालू असताना, तिच्यातले ते कलम न्यायालयाने रद्द केले. त्यात चंद्रचूड होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही, असे लिहून टाकले. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरले आणि बहुमताचे निकालपत्र लिहिले ते सरन्यायाधीश चंद्रचूड यांनीच. स्वतःला न पटलेला निर्णय एकदा बहुमताने झाल्यावर तो बंधनकारक मानायचा आणि मोलाच्या वेळी राबवायचा, ही न्यायिक शिस्त आहे. अर्थात १९७६ च्या जबलपूर खटल्यात, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही असे म्हणणाऱ्या चौघांतही चंद्रचूड होते, आणि विरोधात एकटे खन्ना. तेही विसरू नये. तो निकाल पुढे २०१७ साली, खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, न्यायालयाने स्पष्टपणे रद्दबातल ठरवला.

चौकटीत काय काय येते याची पक्की यादी नाही. घटनेची सर्वश्रेष्ठता, लोकशाही, न्यायालयीन पुनर्विलोकन, सत्तेचे विभाजन, संघराज्य, धर्मनिरपेक्षता ही नावे निकालांमधून वारंवार येतात. शेवटच्या दोहोंचा बोम्मई खटल्यात १९९४ साली विस्ताराने ऊहापोह झाला. टीकाकार म्हणतात, ज्यांना कोणी निवडून दिले नाही त्या न्यायाधीशांनी ही यादी लांबवत न्यावी, हे कोठले लोकशाहीचे? हा आक्षेप मी फेटाळत नाही. २०१५ साली न्यायाधीशांच्या नेमणुकांविषयीची घटनादुरुस्ती न्यायाधीशांनीच याच आधारावर रद्द केली, तेव्हा त्याला धार आली होती. तरी दोन धोक्यांपैकी मला बहुमताचा अमर्याद अधिकार हा मोठा धोका वाटतो, आणि त्याचे कारण मी ज्या समाजात राहतो तो समाज आहे. येथे मराठी माणूस विधानसभेत कधीच बहुमतात असणार नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. ८ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुद्याच्या तेविसाव्या अनुच्छेदावर चर्चा चालू होती. त्याचेच पुढे एकोणतिसावा आणि तिसावा अनुच्छेद झाले. ‘अल्पसंख्य’ या शब्दाची व्याप्ती सांगताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी उदाहरणे दिली, त्यांत एक होते महाराष्ट्रातून जाऊन बंगालमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसांचे. मद्रासकडची माणसे मुंबईत राहिली तर तीही या अर्थाने अल्पसंख्यच, असे त्यांनी त्याच वेळी सांगितले. म्हणजे परभाषक राज्यात वसलेला मराठी समाज घटनाकारांच्या डोळ्यांसमोर होता. एकोणतिसाव्या अनुच्छेदात तर ‘नागरिकांचा कोणताही गट’ असे शब्द आहेत. ज्याला स्वतःची भाषा, लिपी वा संस्कृती आहे, त्याला ती जतन करण्याचा हक्क आहे. संख्येची अट नाही. तिसावा अनुच्छेद आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा अधिकार देतो.

हा हक्क न्यायालयात वापरला गेला तो कोणाविरुद्ध? मुंबई राज्याविरुद्ध. आपला बेळगाव जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. जानेवारी १९५४ मध्ये त्या शासनाने हुकूम काढला, की ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये. नाशिकजवळच्या देवळालीतील अँग्लो-इंडियन समाजाची बार्न्स शाळा चालवणारी संस्था न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निर्णय दिला, की भाषा जतन करण्याच्या हक्कात आपल्या शाळेत त्या भाषेतून शिकवण्याचा हक्क अंतर्भूत आहे. हुकूम रद्द झाला. राष्ट्रभाषेच्या प्रसाराचा हेतू चांगला होता, याने फरक पडला नाही. मी हे मुद्दाम सांगतो. आपण येथे जे मागतो तेच अक्कलकोट-जतचे कन्नड भाषक तिकडे मागतात, आणि सीमेच्या दाव्याचा निकाल कसाही लागला तरी रेषेच्या या ना त्या बाजूला कोणी तरी अल्पसंख्य राहणारच. राज्यांच्या सीमा संसद तिसऱ्या अनुच्छेदाखाली साध्या बहुमताने बदलू शकते. सीमा चौकटीत येत नाहीत. भाषा जतन करण्याचा हक्क मात्र सीमा हलली म्हणून हलत नाही.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेबरोबर सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हा अनुच्छेद आला. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रत्येक राज्याने प्रयत्न करावा, असे तो सांगतो. त्याच्याच जोडीला ३५०-ख, भाषिक अल्पसंख्यांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद करणारा. ‘प्रयत्न करावा’ या क्रियापदात या अनुच्छेदाचे बळ आणि दुबळेपण दोन्ही आहेत. तिसाव्या अनुच्छेदातला अधिकार आपल्याला न्यायालयात मागता येतो. येथे शासनाच्या इच्छेची वाट पाहावी लागते. आणि ३५०वा मूळ अनुच्छेद तर कोणी वाचतच नाही: गाऱ्हाणे मांडताना अर्ज संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क त्यात आहे. कचेरीत मराठी अर्ज परत केला जातो तेव्हा हा क्रमांक तोंडपाठ असावा.

शेवटी २०१४ सालचा निकाल. पहिली ते चौथीपर्यंत शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधून असावे, असे कर्नाटक शासनाचे १९९४ चे धोरण होते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या संघटनेने ते आव्हानित केले. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की शासन मातृभाषेचीही सक्ती करू शकत नाही. प्राथमिक शाळेत माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाचे आणि त्याच्या वतीने पालकांचे आहे. आपल्यापैकी काहींनी या निकालाचे स्वागत केले, कारण कन्नडची सक्ती टळली. पण याच निकालाच्या आधाराने आपल्याच घरांतली मुले मराठी शाळेसमोरून इंग्रजी शाळेच्या बसने जातात, आणि त्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अर्ज करता येत नाही. मातृभाषेचे संरक्षण आणि पालकाचे स्वातंत्र्य ही दोन्ही मूल्ये घटनेतलीच. त्यांचा मेळ आपल्या गावात कसा घालायचा, याविषयी माझ्याजवळ तयार उत्तर नाही. व्याख्यानानंतर चर्चेसाठी वेळ राखून ठेवला आहे असे कार्यवाहांनी सांगितले. सभागृहात प्राथमिक शाळांतील शिक्षक-शिक्षिका बऱ्याच दिसतात, त्यांनी प्रथम बोलावे अशी विनंती करून मी खाली बसतो.