आगबोटीच्या पोटातले पाणी



आज आपण पाण्याविषयी बोलू. हे पाणी विहिरीतले नाही, ओढ्यातले नाही. ते आगबोटीच्या पोटात फिरते.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्ही शेतकरी माणसे. बोटीशी आमचे काय काम?" काम आहे, बरं का. कोकणातल्या किती तरी घरांतला आजा, काका, भाऊ बोटीवर नोकरीला होता. कोणी आगवाला, कोणी तेलवाला. त्यांनी घरी पैसे पाठवले, त्यांवर घरे उभी राहिली. पण खाली इंजिनखोलीत ते काय करीत, हे घरच्यांना क्वचितच कळले. ते आज समजून घेऊ. त्यातून घरच्या उपयोगाचीही एक गोष्ट हाती लागेल.

आम्ही मुंबईच्या उपनगरात राहतो. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या बाजूला जमिनीवरून गेलेले मोठाले नळ दिसतात. माणूस वाकून आत शिरेल एवढे ते जाड. हे तानसा तलावाचे नळ. तानसाचे पाणी मुंबईला १८९२ साली आले. तलाव उंचावर आणि शहर खाली, म्हणून पाणी उताराने चालत येते.

बोटीत असा उतार कुठला? बोट स्वतःच डोलत असते. तेथे पाणी जिकडे न्यायचे तिकडे पंपानेच ढकलावे लागते. इंजिनखोलीत पाहाल तिकडे नळच नळ. एक समुद्राच्या पाण्याचा, एक गोड्या पाण्याचा, एक तेलाचा, एक वाफेचा. कोणता नळ कशाचा, हे कळावे म्हणून त्यांना निरनिराळे रंग देतात, नावे लिहितात. चुकीची झडप उघडली तर घात होतो. अक्षर वाचता येणे तेथे किती मोलाचे असेल, पाहा.

आता बॉयलर म्हणजे काय? आपला आंघोळीच्या पाण्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. जुना बॉयलर म्हणजे असाच एक अवाढव्य बंब. फरक एवढाच, की बंबातली वाफ मोकळी जाते आणि बॉयलरमधली कोंडून ठेवतात. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे १,६७० लिटर वाफ होते. तिला एवढी जागा हवी असते, आणि आपण ती देत नाही. म्हणून ती जोर करते. त्या जोरावर इंजिन फिरते.

बंब पेटवण्याआधी घरची बाई काय बघते? आत पाणी आहे ना! कोरडा बंब पेटवला तर डाग सुटतात आणि बंब जातो. कोरडा बॉयलर पेटला तर माणसे जातात. म्हणून बॉयलरला पाणी कमी पडू द्यायचे नाही, हा इंजिनखोलीतला पहिला नियम.

तुम्ही विचाराल, बोट तर पाण्यातच असते, मग पाण्याची चिंता कसली? चिंता आहे, कारण ते पाणी खारट. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. बंबाच्या आत पांढरा थर धरतो ना, तसाच थर बॉयलरला आतून धरतो. हा थर म्हणजे लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये घातलेली गोधडी. उष्णता पाण्याला पोचत नाही. लोखंड तापते, मऊ पडते, फुगते.

आरंभीच्या आगबोटी समुद्राचेच पाणी उकळीत. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि वाटेत कोळसा घेत महिनाभराने सुवेझला पोचली. त्या काळच्या आगबोटींना बॉयलरमधले अति खारट पाणी मधून मधून बाहेर सोडावे लागे. त्याबरोबर उष्णता जाई, म्हणजे कोळसाही फुकट जाई.

आगगाडीचे तसे नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती याच घाटकोपर-भांडुप-मुलुंडच्या वाटेने. वाफेच्या इंजिनाने काम झालेली वाफ धुराड्यातून सोडून द्यायची आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा गोडे पाणी भरायचे. समुद्रात मध्ये स्टेशन कुठले? म्हणून बोटीने एकच पाणी पुन्हा पुन्हा वापरायला हवे. १८३४ साली सॅम्युअल हॉल या इंग्रज गृहस्थाने त्याची एक चांगली युक्ती काढली. ती अशी.

बॉयलरमधली वाफ इंजिनात जाते आणि इंजिन फिरवते. तेथून ती मोठ्या पेटीत शिरते. या पेटीला कंडेन्सर म्हणतात. पेटीत शेकडो बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आतून समुद्राचे थंड पाणी वाहते आणि बाहेरून वाफ लागते. भाताच्या तपेल्यावरच्या झाकणाला थेंब जमतात ना? तसेच वाफेचे थेंब होऊन खाली पडतात. समुद्राचे पाणी आणि वाफेचे पाणी शेजारून जातात, पण एकमेकांना शिवत नाहीत. गोडे पाणी परत मिळते.

जुन्या इंजिनातून त्या पाण्याबरोबर थोडे वंगणाचे तेल येई. तेल बॉयलरमध्ये गेले तर तेही लोखंडाला घातक. मग ते गाळीत. कशाने गाळीत, ओळखा पाहू! आपल्या परसातल्या घोसाळ्याने! घोसाळे वाळले की आत जाळी राहते. तीच जाळी आगबोटीच्या गाळण्यांत वापरीत असत. आपण तिने अंग घासतो, बोटीवर तिने तेल अडवले जाई.

गाळलेले पाणी टाकीत साठते. तेथून पंप ते पुन्हा बॉयलरमध्ये ढकलतो. याला फीड पंप म्हणतात. फीड म्हणजे भरवणे. बॉयलरमधली वाफ आतून बाहेर रेटा देत असते. पंपाने त्याहून जास्त जोर लावला तरच पाणी आत शिरते. खच्चून भरलेल्या एस.टी.त शिरणाऱ्यासारखे त्याचे काम.

येथे आणखी एक मौज आहे. गावचा हातपंप पाणी वर ओढतो, पण ते थंड पाणी. गरम पाणी असे ओढू गेलो तर नळातच त्याची वाफ होते आणि पंप नुसता खडखडतो. म्हणून बोटीवर गरम पाण्याची टाकी वर ठेवतात आणि पंप तिच्या खाली. मग पाणी आपल्या वजनाने पंपात उतरते.

पंपाच्या पुढे एक झडप असते. ती पाण्याला आत जाऊ देते, परत येऊ देत नाही. हातपंपातही अशी झडप असते. शिवाय फीड पंप एक नसतो, निदान दोन असतात. एक चालतो, दुसरा तयार राहतो. वाटेत थोडी वाफ गळून जातेच. ती तूट भरून काढायला समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी करतात.

एवढी व्यवस्था आहे, तरी माणूस लागतोच. कंडेन्सरची एखादी बारीक नळी फुटली तर खारे पाणी गोड्यात मिसळते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाण्याचा नमुना घेऊन त्यात एका औषधाचे थेंब टाकतात. पाणी दुधासारखे झाले तर मीठ आले असे समजावे. हे रोज पाहायचे आणि वहीत लिहायचे. बॉयलरवर पाणी दाखवणारी काच असते. तिच्याकडे तर घडोघडी पाहायचे.

पण काचही कधी खोटे सांगते. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. मूळचे रत्नागिरीकडचे. सगळे त्यांना दादा म्हणत. ते बोटीवर कोळसा ओढायला लागले तेव्हा निरक्षर होते. एका सोबत्याकडून आधी आकडे शिकले, मग अक्षरे. आकडे आधी का, तर दाबाचे घड्याळ वाचायला. पुढे ते तेलवाले झाले. बोट सोडल्यावर उपनगरातल्या एका कारखान्यात बॉयलरवर मदतनीस राहिले. तेथली हकीकत त्यांनी आम्हांला सांगितली.

कामाचा पहिलाच आठवडा. काचेत अर्धे पाणी दिसत होते. बॉयलरवरचा तरुण म्हणाला, "दादा, बसा निवांत. पाणी ठीक आहे."

दादांना सवय बोटीची. त्यांनी काचेखालची चावी उघडली. काच रिकामी झाली. चावी मिटली. पाणी लगेच पुन्हा वर यायला हवे होते. आले नाही. काचेकडे येणारी वाट क्षाराने बुजली होती. आतापर्यंत दिसत होते ते अडकून राहिलेले जुने पाणी. बॉयलरमध्ये खरे पाणी किती, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

तरुण घाबरला आणि पंप सुरू करायला धावला. दादांनी त्याचा हात धरला. "अरे पोरा, पाणी नको! आधी आग!"

का बरे? आत लोखंड उघडे पडून लाल झाले असेल, तर त्यावर पाणी पडताच एकदम वाफ होते आणि बॉयलर फुटतो. दादांनी कोळशावर ओली राख टाकली, हवा बंद केली, सगळ्यांना बाहेर काढले. बॉयलर आपोआप निवू दिला. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिले, तर पाणी नळ्यांच्या खाली गेले होते. खोलीत सात माणसे कामाला होती. सातही संध्याकाळी घरी गेली.

मग वही काढली. रोज काच तपासून लिहायचे, असा तेथे नियम होता. आठवडाभर रोज लिहिलेले होते, "काच तपासली, ठीक." सगळे एकाच शाईत, एकाच बैठकीत! तरुण शिकलेला होता. अक्षर वळणदार होते. पण पाहिले काही नव्हते.

दादा आम्हांला म्हणाले, "गुरुजी, मला लिहायला उशिरा आलं. पण न बघता मी कधी लिहिलं नाही."

मंडळी, आजची बरीच जहाजे डिझेलवर चालतात. आपल्या नौदलाची पहिली 'विक्रांत' वाफेची होती. चार बॉयलर, चाळीस हजार अश्वशक्ती. ती १९६१ साली नौदलात आली, १९९७ साली निवृत्त झाली. पुढे ती मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून होती, तुमच्यापैकी कोणी पाहिलीही असेल. २०१४ साली ती मोडीत निघाली. पण डिझेलच्या जहाजावरही पाणी आहेच. जाड तेल गरम करायला लहान बॉयलर असतो. इंजिनाभोवती गोडे पाणी फिरते, आणि त्याला थंड करायला समुद्राचे पाणी. अंधेरीजवळच्या वर्सोव्याला कोळी बांधवांच्या बोटी आहेत. त्यांच्याही इंजिनाला पाणी फिरते ठेवावे लागते. ते थांबले की इंजिन तापलेच.

तुमच्या घरचा कोणी मुलगा बोटीवर जाऊ म्हणत असेल, तर जाऊ द्या. चांगला धंदा आहे. मात्र दलालाकडे नाव देण्याआधी त्याच्याजवळ सरकारी परवाना आहे का, ते विचारा. व्यापारी जहाजांचा कारभार पाहणारे महासंचालनालय उपनगरातच, कांजूरमार्गला आहे. तेथे चौकशी करता येते. कागद पुरता वाचावा आणि मगच सही करावी.

आणि जे गावीच राहणार, त्यांच्याही हाती पाणी आहे. कुकर चुलीवर किंवा शेगडीवर ठेवताना आत पाणी आहे का, शिट्टीची वाट मोकळी आहे का, ते पाहा. गावच्या टाकीत औषध टाकल्याची वही असते. ती मागून वाचा. आता तुम्हांला वाचता येते, कोणी नाही म्हणणार नाही. आज औषध पडले का, ते टाकीवर जाऊन पाहा. उद्या ती वही तुमच्याकडे आली, तर आधी टाकीवर चढा आणि मग लेखणी उचला.