नावेचें नीरम आणि नावेचा पंखा

अचलपूरच्या आसपासचा गाडीवान गाडींत कापूस भरतांना वजनाच्या वांटणीकडे आधीं पाहतो. भार पुढें गेला तर गाडी धुरजड होते आणि बैलांच्या खांद्यांवर जूं दाबतें; मागें गेला तर ती उलाळ होऊन जूं वर उचललें जातें. समुद्रापासून इतक्या दूरच्या प्रांतांतल्या माणसाला नावेचें शास्त्र परकें वाटावें. पण त्याचें पहिलें सूत्र त्याच्या अंगणांतच उभें आहे.

कोंकणच्या किनाऱ्यावरील खलाशी रिकामें गलबत तसेंच समुद्रांत लोटीत नसत. तळाशीं दगड किंवा वाळू घालून ते त्याचा तोल सांभाळीत. या भाराला नीरम म्हणतात. वजन जितकें खालीं, तितकें गलबत स्थिर, हा त्यांतला नियम.

हल्लीं मोठ्या तलावांवर ‘वेकसर्फिंग’ नांवाचा जो खेळ चालतो, त्यांत याच नीरमाचा निराळा उपयोग करतात. नावेच्या मागें उठणाऱ्या लाटेवर खेळाडू फळीवर उभा राहतो आणि कांहीं वेळानें दोरी सोडून केवळ लाटेच्या जोरावर पुढें सरकत राहतो. नावेचा वेग ताशीं सुमारें १६ ते १९ किलोमीटर एवढाच असतो. लाट मोठी व्हावी म्हणून नाव जड करतात. त्यासाठीं तळांतील टाक्यांत व पिशव्यांत पंपानें तलावाचेंच पाणी भरतात. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो. तेव्हां हजार लीटर भरले, कीं नावेवर एक टन भार चढला. कित्येक नावा याहूनही अधिक भार घेतात.

हा भार मागच्या भागांत जास्त ठेवला, कीं लाट उंच व उभी होते. थोडा पुढें सरकवला, कीं ती लांबट होते. ज्या बाजूस खेळाडू असेल, त्या बाजूच्या मागील टाकींत अधिक पाणी भरून नाव मुद्दाम कलती ठेवण्याचीही रीत आहे. म्हणजे गाडीवान ज्या उलाळपणाला भितो, तोच येथें हवा असतो! यासाठींच मर्यादेचें भान येथें अधिक लागतें. पूर्ण भरलेली टाकी चालेल, पूर्ण रिकामी चालेल. अर्धवट भरलेली मात्र घातक. नाव कलली, कीं टाकींतलें मोकळें पाणी त्याच बाजूस धांवतें आणि कल आणखी वाढवितें.

भार वाढला, कीं पंख्याचा प्रश्न येतो. पंख्याचीं दोन मापें असतात: व्यास आणि आटा. मळसूत्र एका फेऱ्यांत लाकडांत जितकें शिरतें, तितकें अंतर पंख्यानें एका फेऱ्यांत तोडावें, तो त्याचा आटा. बारा इंच आट्याचा पंखा मिनिटाला १५०० फेरे घेईल, तर हिशेबानें ताशीं सुमारें २७ किलोमीटर अंतर तुटावें. पण पाणी लाकडासारखें घट्ट नसल्यानें प्रत्यक्ष अंतर कमी भरतें, आणि नाव जड असली तर तें आणखीच कमी होतें.

पंखा निवडण्याची कसोटी सोपी आहे. नेहमींचीं माणसें बसवून व नीरम पूर्ण भरून इंजिनाची चावी पुरी उघडावी आणि फेरे मोजावे. कारखान्यानें सांगितलेल्या आंकड्यापर्यंत ते पोंचत नसतील, तर इंजिन दमतें आहे. कमी आट्याचा पंखा लावावा. आंकडा ओलांडून गेले, तर आटा वाढवावा. एक इंच आट्यानें सामान्यतः दीडशें ते दोनशें फेऱ्यांचा फरक पडतो. उंचीही विसरूं नये. अचलपूरहून घाट चढून चिखलदऱ्यास गेलें, कीं समुद्रसपाटीपासून सुमारें ११०० मीटर उंची येते. तेथल्या विरळ हवेंत साध्या पेट्रोल इंजिनाची सुमारें एक-दशांश शक्ति कमी होते, म्हणून अशा ठिकाणीं आटा कमीच हवा.

पंख्याची जागा हा तर जिवाचाच प्रश्न आहे. खेळाडू नावेच्या अगदीं मागें, कांहीं हातांच्या अंतरावर असतो. म्हणून पंखा नावेच्या तळाखालीं, मागच्या कडेच्या आंत असलाच पाहिजे. मागें बाहेर लोंबणाऱ्या इंजिनाची साधी होडी या खेळासाठीं कधींही वापरूं नये. इंजिनाच्या धुरांतील विषारी वायूला रंग नाहीं, वास नाहीं. तेव्हां इंजिन चालूं असतांना मागच्या फळीवर कोणी बसूं नये.

पाण्यावर वजनाची चूक किती महाग पडते, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळांत कलली, उतारू एका अंगाला लोटले गेले, आणि सहाशेंहून अधिक जीव बुडाले. अमरावती जिल्ह्यांतच १४ सप्टेंबर २०२१ रोजीं वरूड तालुक्यांत वर्धा नदींत नाव उलटून अकरा जण दगावले.

सापन, चंद्रभागा व शहानूर या नद्यांवर धरणें झाल्यापासून अचलपूरच्या परिसरांत विस्तीर्ण जलाशय उभे आहेत. पाण्याजवळ नाव येणारच, आणि नावेजवळ तरुण येणारच. त्यांना सांगायचें तें एवढेंच: नावेवर लिहिलेल्या भाराच्या मर्यादेंत माणसें व टाक्यांतलें पाणी दोन्ही धरावीं. पांच माणसें म्हणजे सुमारें साडेतीनशें किलो. तितकें पाणी आधींच कमी करावें. प्रत्येकानें तरंगतें जाकीट घालावें. खेळ संपल्यावर टाक्या त्याच तलावांत रित्या कराव्या, म्हणजे एका जलाशयांतले शिंपले व शेवाळ दुसऱ्यांत जाणार नाहींत. गाडी उलाळ झाली, तर गाडीवान कापसाचीं गांठोडीं उतरवून पुन्हां भरूं शकतो. पाण्यावर ती सवड मिळत नाहीं, म्हणून हिशेब कांठावरच पुरा झाला पाहिजे.